१२.६० व्होल्टची रात्र

शनिवारी रात्री साडेदहाला नॉर्मल माणसं काय करतात? पिक्चर, पिझ्झा, फारच झालं तर सोमवारच्या प्रेझेंटेशनचं टेन्शन. त्या शनिवारी मी डोंबिवलीतल्या आमच्या हॉलमध्ये मांडी घालून बसले होते आणि समोर होता बाबांचा बेंच पॉवर सप्लाय.

हा प्राणी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात ओळख. लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत दिसतो तो चौकोनी डबा. वर दोन डिस्प्ले, एक व्होल्टचा, एक अँपियरचा. खाली नॉब्ज आणि लाल-काळी टर्मिनल्स. शून्य ते तीस व्होल्टमधलं हवं ते व्होल्टेज काढून देतो. बाबांनी टीव्ही रिपेअरिंगमध्ये आयुष्य घालवलंय. घरातला फ्रीज बदलला, सोफा बदलला, तो डबा मात्र जागेवरच.

तर झालं असं, की धाकट्या भावाला आरसी विमानांचं वेड. रविवारी पहाटे ग्रुपबरोबर उडवायला जायचं ठरलेलं, आणि नेमका चार्जर मेला. हे साहेब सेकंड शिफ्टला ऑफिसात. तिथून फोन, ‘ताई, प्लीज! बाबांच्या सप्लायवर पॅक लावून ठेव ना. अगदी सोप्पं आहे.’

सोपं होतंच, हीच तर गंमत आहे. विमानाचा पॅक लिथियम पॉलिमरचा, हॉबीवाल्यांच्या भाषेत ‘लायपो’. तीन सेल एकामागोमाग जोडलेले. एक सेल नॉर्मली ३.७ व्होल्टचा, फुल्ल भरला की ४.२. म्हणजे तिघांचे १२.६. करंट किती द्यायचा, तर पॅकवर २२०० एमएएच लिहिलेलं असेल तर जास्तीत जास्त २.२ अँपियर. आधी बॅटरी न जोडता व्होल्टेज १२.६ ला सेट करायचं, मग टर्मिनल्स एकमेकांना जोडून करंटचा नॉब हव्या त्या आकड्यावर आणायचा, आणि मग लाल लालला, काळी काळीला. इथे उलटापालट झाली की खेळ खल्लास. सुरुवातीला सप्लाय करंट धरून ठेवतो आणि व्होल्टेज हळूहळू चढतं. १२.६ ला पोचलं की व्होल्टेज तिथेच थांबतं आणि करंट उतरायला लागतो. तो ०.२ च्या आसपास आला की पोट भरलं, काढून घ्यायचं. आपल्या मोबाइलची बॅटरीही साधारण अशीच चार्ज होते, फक्त तिथे हे सगळं आतली चिप बघते.

(भावाच्या कपाटात जुने निकेल मेटल हायड्राइडचे पॅकही आहेत. त्यांना हा हिशोब अजिबात लावायचा नाही. ते भरले की त्यांचं व्होल्टेज उलट किंचित खाली येतं आणि चार्जर ती घसरण ओळखून थांबतो. सप्लायला ती कळत नाही. तो बापडा देतच राहतो.)

मी सगळं नीट केलं, अगदी मल्टिमीटर लावून १२.६ चेक केलं. पावणेअकराला बॅटरी जोडली आणि जिंकल्यासारखी सोफ्यावर आडवी झाले. पंधरा मिनिटं डिस्प्ले बघितला. मग झोप लागली.

जाग आली ती बाबांच्या हाताने. रात्रीचा एक वाजला होता. बाबा पाणी प्यायला उठले होते. त्यांनी क्लिपा आधीच काढल्या होत्या आणि पॅक लोखंडी कढईत ठेवून गॅलरीत नेला होता. सपाट चपटा पॅक, पण एका बाजूने टम्म फुगलेला. आणि तो ठेवला कुठे होता मी? टीपॉयवर, आठवड्याभराच्या पेपरांच्या गठ्ठ्यावर. त्यातल्या दोन पुरवण्यांत माझेच लेख होते. पाच फुटांवर आई झोपली होती.

बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

‘किती दाखवत होता?’

‘१२.६०. करंटही ०.१ वर आला होता बहुतेक. बरोबर आहे ना बाबा?’

‘बेरीज बरोबर आहे,’ बाबा म्हणाले आणि मल्टिमीटर घेऊन गॅलरीत गेले. पॅकला दोन जाड वायरींशिवाय एक बारका पांढरा प्लग असतो, बॅलन्स लीड. त्यावर प्रत्येक सेल वेगळा मोजता येतो. पहिला ४.०८. दुसरा ४.०९. तिसरा ४.४३.

मी मोबाइलवर बेरीज केली. १२.६०.

सप्लाय खोटं बोलला नव्हता. त्याला पॅकची फक्त दोन टोकं दिसतात, आत कोण उपाशी आणि कोण तुडुंब, हे त्याला दिसतच नाही. तिसरा सेल जुना, थकलेला. त्यात मावतं कमी, म्हणून तो सगळ्यांच्या आधी भरला आणि मग भरतच राहिला. लिथियमचा सेल ४.२ च्या वर नेला की आतलं रसायन बिघडतं, वायू होतो, पिशवी फुगते. त्यापुढे गरम होऊन पेट घेऊ शकतो. आणि हॉबीच्या पॅकमध्ये मोबाइलसारखी संरक्षण करणारी सर्किट बहुतेक वेळा नसतेच. ते काम चार्जरचं. बॅलन्स चार्जर त्या पांढऱ्या प्लगमधून एकेका सेलवर नजर ठेवतो, पुढे गेलेल्याला जरा मागे ओढतो.

‘अगं, आधी तिन्ही मोजायचे. मध्ये परत मोजायचे. आणि समोर बसून राहायचं,’ बाबा म्हणाले. ‘लाइट गेली असती तर? काही सप्लायमध्ये बॅटरी उलटी रिकामी होते.’ आमच्याकडे लाइट जाते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मग आम्ही दोघं गॅलरीच्या दाराआड खुर्च्या टाकून पहाटेपर्यंत त्या कढईकडे बघत बसलो. सकाळी बाबांनी गच्चीवर गाडीचा १२ व्होल्टचा बल्ब लावून पॅक हळूहळू रिकामा केला. तो आता ई-वेस्टच्या पिशवीत आहे.

सात वाजता भाऊ आला. फुगलेला पॅक बघून त्याचं तोंड उतरलं. वर म्हणतो काय, ‘ताई, तिसरा सेल वीक आहे हे सांगायचं राहिलंच.’ त्याला मी जे बोलले ते इथे छापता येणार नाही.

सोमवारी नवीन बॅलन्स चार्जर आला. त्याला आत १२ व्होल्ट डीसी लागतात, ते बाबांचा सप्लाय देतो. ‘डब्याने चार्जरला जेवू घालायचं, बॅटरीला नाही,’ इति बाबा. चार्जिंग आता गॅलरीत, फरशीवर, कढईत होतं. आईला नवीन कढई घ्यावी लागली, ती माझ्या पुढच्या मानधनातून. भाऊ चार्जिंगला बसला की बाबा खुर्ची घेऊन शेजारी येतात. पेपर वाचतोय असं दाखवतात. काल बघितलं, पान बराच वेळ उलटलंच नव्हतं.