‘बसतं’ म्हणण्याआधी

पाडवा झाला की फुलंब्री, पैठण, खुलताबाद भागातून एकच विचारणा सुरू होते: ‘छोट्या ट्रॅक्टरला खड्डे घ्यायचं मशीन बसेल का?’ कुणाला केसर लावायचा असतो, कुणाला मोसंबी, कुणाला ड्रॅगन फ्रूटचे खांब रोवायचे असतात. कन्नडकडचा शेतकरी रोही आणि रानडुकरांनी टेकीला आलेला असतो, त्याला कुंपणाची घाई असते. दुकानातला प्रश्नही ठरलेला: ‘ट्रॅक्टर किती एचपीचा?’ चोवीस म्हटले की ‘बसतं’, आणि पावती फाटते.

या ‘बसतं’बद्दल आज लिहायचे आहे. आपण अवजारे विकणारे, दुरुस्त करणारे आणि भाड्याने चालवणारे लोक आहोत. लिंकच्या पिना भोकात गेल्या म्हणजे डिगर बसला, असे आपणच मानू लागलो तर शेतकऱ्याने कुणाकडे पाहायचे?

मागणी का वाढली ते आपल्याला ठाऊक आहे. १९९० साली फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली गेली, तेव्हा मराठवाड्यातले खड्डे पहारीने आणि टिकावाने निघाले. मीटर लांब, मीटर रुंद, मीटर खोल असा आंब्याचा खड्डा भर उन्हाळ्यात मुरमात काढणे म्हणजे काय कष्ट असतात, हे ज्याने काढला त्यालाच माहीत. २०१२-१३च्या दुष्काळात जालना आणि आपल्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, पुढे अनेकांनी नव्याने लागवड केली. आज एप्रिल-मेमध्ये त्या कामाला माणूस मिळत नाही. यंत्र हवेच आहे, त्याबद्दल वाद नाही.

पण खड्डा कशासाठी, हे विचारल्याशिवाय ऑगरचे माप सांगता येत नाही. १८ इंची ऑगरने दोन फूट खोल खड्डा घेतला तर त्यातून निघणारी माती घनमीटरचा जेमतेम दहावा भाग भरते. २४ इंची ऑगर लावला तरी पाचवा भाग होत नाही. म्हणजे पोयटा आणि शेणखत भरायला ज्याला मीटरभराचा खड्डा हवा आहे, त्याला छोट्या ट्रॅक्टरचा डिगर ते काम एका दमात करून देणार नाही, हे आधीच सांगायला हवे. कुंपणाच्या किंवा ड्रॅगन फ्रूटच्या सिमेंट खांबाला मात्र ९ किंवा १२ इंची ऑगर उत्तम. माझे स्पष्ट मत असे की २०-२५ एचपीला १२ इंच हे घरचे माप समजावे. १८ इंच हलक्या, भुसभुशीत जमिनीतच. १२वरून १८वर गेले की तेवढ्याच खोलीला सव्वादोन पट माती कापावी लागते, आणि इंजिनावर लिहिलेली ताकद पीटीओवर पूर्ण कधीच मिळत नाही.

जमिनीचा विचार तर आपण करतच नाही. आपल्याकडे वर काळी, खाली मुरूम आणि त्याखाली बेसॉल्टचा कातळ. किती फुटांवर काय लागेल हे बांधागणिक बदलते. उन्हाळ्यात काळी भेगाळून विटेसारखी होते. ट्रॅक्टरची लिफ्ट अवजार उचलते, खाली दाबत नाही. त्यामुळे कडक थरावर ऑगर नुसता घासत राहतो आणि टोकाचे दात झिजतात. अशा जागी आदल्या दिवशी पाणी सोडून ठेवण्याची जुनी पद्धत आजही सर्वांत स्वस्त आहे. कातळ लागला तर थांबावे, तिथे ब्रेकरचे काम. उलट ओल्या काळीत ऑगर स्क्रूसारखा शिरतो आणि अडकून बसतो. लिफ्ट ओढत नाही, पुढची चाके हलकी होतात. रिव्हर्स पीटीओ नसेल तर इंजिन बंद करून, किल्ली काढून, मोठ्या पाइप पान्याने ऑगर उलटा फिरवत बाहेर काढावा लागतो. वाफशावर काम करावे आणि दर सहा-आठ इंचांनी ऑगर वर घेऊन माती झटकावी, म्हणजे ही वेळ येत नाही. चिकण जमिनीत आणखी एक नुकसान होते. ऑगर खड्ड्याची भिंत गिलावा केल्यासारखी गुळगुळीत करतो. कलमाची मुळे त्या भिंतीशी गोल फिरत राहतात आणि पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते. खड्डा झाल्यावर कुदळीने भिंती खरवडायला सांगा. आणि खोल भारी काळीत कुणी मोसंबीसाठी डिगर मागितला तर त्याला गादीवाफ्यावरच्या लागवडीबद्दल जरूर बोला. विक्री हातची जाईल, तरी बोला.

आता जोडणी. शहराजवळच्या एका वर्कशॉपमध्ये गेल्या उन्हाळ्यात मी एक छोटा ट्रॅक्टर उघडलेला पाहिला. पीटीओचे बेअरिंग फुटलेले, सील गेलेले, डिगर अगदी नवा. कारण शाफ्टमध्ये होते. मोठ्या ट्रॅक्टरच्या मापाचा शाफ्ट आला तसा लावला होता. छोट्या ट्रॅक्टरला मागचे अंतर कमी. लिफ्ट हलताना एका टप्प्यावर शाफ्टची आतली नळी बाहेरच्या नळीच्या तळाला टेकली, आणि मग सगळा रेटा सरळ पीटीओवर. तरुण मालकाने हप्त्यावर घेतलेला ट्रॅक्टर ऐन कामात उघडून पडला होता. हे सहज टळले असते, म्हणून त्याचे वाईट वाटते.

शाफ्टचे दोन्ही भाग वेगळे करा. एक ट्रॅक्टरला, दुसरा गिअरबॉक्सला जोडा. ऑगर अगदी वरपासून अगदी खालपर्यंत हळू नेत दोन्ही टोकांतले सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त अंतर मोजा. सर्वांत कमी अंतरावर इंचभर मोकळीक राहिली पाहिजे आणि सर्वांत जास्त अंतरावर नळ्या किमान सहा इंच एकमेकींत असल्या पाहिजेत. कापायचे झाल्यास आतली, बाहेरची आणि दोन्ही गार्ड सारखेच कापा, कड कानशीने साफ करा, ग्रीस लावा. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत ठेवा. एवढ्याला अर्धा तास पुरतो.

लिंकच्या पिना कोणत्या कॅटेगरीच्या, तेही पाहा. छोट्या ट्रॅक्टरला कॅटेगरी १ लागते, म्हणजे खालची पिन २२ मिलिमीटरची. मोठ्या ट्रॅक्टरसाठी बनवलेला डिगर वेल्डिंग करून बसवू नका. लिफ्ट पूर्ण वर घेतल्यावर ऑगरचे टोक जमिनीपासून किती सुटते ते दुकानाच्या आवारातच बघा, नाहीतर बांध ओलांडताना ते घासत जाईल. मागे एवढे ओझे लटकल्यावर टनाच्या आतबाहेर वजनाच्या ट्रॅक्टरला पुढे वजने लागतात. हायड्रॉलिक पोझिशन कंट्रोलवर, पीटीओ ५४० किंवा त्याखाली. फवारणीसाठी दिलेली मोठी गती इथे कामाची नाही. आणि नव्या गिअरबॉक्समध्ये तेल भरलेलेच असेल असे धरून चालू नका.

शिअर बोल्टबद्दल मला राग येतो, तो लपवत नाही. दगड लागला की हा बोल्ट तुटावा, म्हणूनच तो दिलेला असतो. दोनदा तुटला की लोक हायटेन्साइल बोल्ट टाकतात, आणि आपल्यातलाच कुणीतरी तो काउंटरवरून काढून देतो. मग पुढचा दगड गिअरबॉक्स फोडतो. योग्य दर्जाचे दहा बोल्ट डिगरसोबत द्या, पैसे घेऊन द्या, पण द्या. तसेच शाफ्टच्या गार्डचे. गार्ड काढलेल्या शाफ्टजवळ उपरणे, धोतराचा सोगा, साडीचा पदर यांतले काहीही गेले तर माणूस ओढला जायला क्षण लागत नाही. मुरमात ऑगर शिरत नाही म्हणून पोराला बूमवर उभे करतात, हेही मी पाहिले आहे. असे दिसले तर भाड्याचे काम तिथेच थांबवा.

आपल्या भागापुरती एक गोष्ट राहिली. पैठण, गंगापूरकडे नाथसागरातून शेतकऱ्यांनी स्वखर्चाने कोसकोस पाइपलाइन आणल्या आहेत, त्यातल्या कितीतरी बांधाच्या कडेने जातात. कुंपणाचे खांबही बांधावरच येतात. शेजाऱ्याला बोलावून, पाइप कुठून गेला ते दाखवून घेऊन, चुन्याची फक्की टाकल्याशिवाय पहिला खड्डा घेऊ नका. भर उन्हाळ्यात फुटलेल्या पाइपचे भांडण वर्षानुवर्षे चालते.

वाचकांना एक विनंती. आपल्याकडे असलेल्या प्रत्येक छोट्या ट्रॅक्टरची तीन मापे आम्हाला लिहून पाठवा: लिफ्ट पूर्ण वर आणि पूर्ण खाली असताना खालच्या लिंकच्या टोकाची जमिनीपासून उंची, पीटीओच्या टोकापासून त्या लिंकच्या टोकापर्यंतचे आडवे अंतर, आणि खालच्या पिनेचा व्यास. सोबत मॉडेल आणि साल लिहा. आलेल्या मापांचा तक्ता पुढच्या पाडव्याआधीच्या अंकात छापू, तो कापून काउंटरच्या काचेखाली ठेवता येईल.