चुकीच्या उत्तरांचा इतिहास

१/ शिक्षक पात्रता परीक्षेची तयारी करणाऱ्यांना जाँ पियाजे यांचे चार टप्पे तोंडपाठ असतात : जन्म ते २ वर्षे संवेदन-कारक, २ ते ७ पूर्वक्रियात्मक, ७ ते ११ मूर्त क्रियात्मक आणि त्यापुढे औपचारिक क्रियात्मक. हा तक्ता जन्मला कसा, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. आजचा धागा त्याविषयी.

२/ पियाजे यांचा जन्म १८९६ चा, स्वित्झर्लंडमधील न्यूशातेलचा. १९१८ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली ती शंख-शिंपल्यांच्या प्राण्यांवर. पुढे पॅरिसमध्ये, बुद्धिमापन चाचणीचे एक जनक थिओडोर सिमाँ यांनी त्यांच्यावर काम सोपवले : सिरिल बर्ट यांच्या चाचण्या फ्रेंच मुलांकडून सोडवून घेऊन प्रमाणित करणे.

३/ अशा चाचणीत बरोबर उत्तरांनाच मोल. पियाजे यांचे लक्ष मात्र चुकांनी वेधले. एकाच वयाची मुले साधारण सारख्याच चुका करत होती. म्हणजे चूक ही बुद्धीची उणीव नव्हे. तिच्यामागे मुलाचा स्वतःचा तर्क आहे. म्हणून ते गुण मोजण्याऐवजी मुलांशी बोलू लागले. टप्प्यांचे मूळ या संवादात आहे.

४/ त्यांचा एक प्रसिद्ध प्रयोग : सोंगट्यांच्या दोन समान ओळी मांडायच्या. एक ओळ लांबवली, की पाचेक वर्षांचे मूल म्हणते, ‘हिच्यात जास्त आहेत.’

५/ १९७० च्या दशकात जेम्स मॅकगॅरिगल आणि एडिनबर्ग विद्यापीठाच्या मार्गारेट डोनाल्डसन यांनी एवढाच बदल केला : ओळ मोठ्या माणसाने नव्हे, एका ‘खोडकर’ खेळण्यातल्या अस्वलाने विस्कटली. बरोबर उत्तरे कितीतरी वाढली. मोठ्यांनी मुद्दाम ओळ हलवून तोच प्रश्न पुन्हा विचारला, की आधीचे उत्तर चुकले असावे, असे मुलाला वाटत असेल!

६/ पियाजे यांच्या लेखी टप्प्यांचा क्रम ठाम होता, वये केवळ अंदाजे. आपण नेमकी वये उचलली आणि त्यांची पट्टी केली. पट्टीत न बसणारे मूल ‘मागे पडलेले’ ठरते. गुणांकनाकडे पाठ फिरवून जन्मलेला विचार पुन्हा गुणांकनाच्याच दावणीला बांधला गेला, हा मला या इतिहासातील सर्वांत मोठा विपर्यास वाटतो.

७/ चाळीस मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाला तक्त्याचा आधार लागतो, हे मान्य. पण तक्त्याआधी एक प्रश्न यावा, आणि तो पियाजे यांच्याच पद्धतीतला आहे : ‘बाळा, तुला असं का वाटलं?’