पडद्यावरचा बुद्ध आणि पडद्याबाहेरचा संघ



अमेरिकेत वाढणाऱ्या आपल्या मुलांना तथागतांची पहिली ओळख पुष्कळदा विहारात न होता पडद्यावर होते. बर्नार्दो बेर्तोलुची यांचा १९९३ सालचा ‘लिटल बुद्धा’ आपल्यापैकी अनेकांनी मुलांना शेजारी बसवून पाहिला असेल. या चित्रपटावर नेहमीचा आक्षेप असा की, सिद्धार्थाची भूमिका किआनू रीव्ह्ज या हॉलिवूडच्या नटाला सावळा रंग फासून का द्यावी? यशोधरा झाली आहे आपल्याकडची राजेश्वरी सचदेव. वृद्ध तिबेटी लामा झाला आहे यिंग रुओचंग हा चिनी नट. आक्षेप रास्त आहे. परंतु तो कातडीपाशीच थांबतो.

माझी तक्रार कथेविषयी आहे. राजपुत्र प्रासादाबाहेर पडतो, प्रथमच वार्धक्य, व्याधी आणि मृत्यू पाहतो व गृहत्याग करतो. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर आजारी माणूसच पाहिला नव्हता, हे आयुष्य रुग्णांमध्ये घालविलेल्या माझ्यासारख्याला तर मुळीच पटत नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ही उपपत्ती नाकारली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत पेटलेला कलह गृहत्यागाचे कारण म्हणून पुढे ठेवला. युद्धाला विरोध करणारा तरुण एकीकडे, सुरकुत्या पाहून दचकणारा तरुण दुसरीकडे. आपली मुले यांपैकी कोणाला ओळखतात?

पुढे बोधिवृक्षाखाली माराचा पराभव होतो आणि सिद्धार्थाची कथा तिथेच आटोपते. खरे तर आपली कथा तिथून सुरू होते! त्यानंतरची पंचेचाळीस वर्षे आणि त्या वर्षांत उभा राहिलेला संघ पडद्यावर येतच नाही. शाक्य कुमारांच्या आधी दीक्षा मिळालेला न्हावी उपाली नाही. त्याला आधी दीक्षा देण्याचे कारणच हे की, कुमारांनी त्याला वंदन करावे व त्यांचा कुलाभिमान गळावा. हाच उपाली पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचा अधिकारी ठरला. राजगृहाचे रस्ते झाडणारा सुनीत नाही, कुष्ठरोगी सुप्रबुद्ध नाही, चांडालकन्या प्रकृती नाही. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात या सर्वांना मानाचे स्थान दिले. ते वगळले की उरतो तो केवळ एक देखणा राजपुत्र.

मात्र बेर्तोलुचींना दोष देताना आपल्या अंगणातही पाहावे लागेल. आपल्या बालनाट्यात प्रत्येक आईबापाला मुलगा सिद्धार्थ व्हावासा वाटतो, मुलगी यशोधरा. सुनीताचा झाडू हाती देण्याची गोष्ट निघाली की, “डॉक्टरसाहेब, इथे ते कशाला? मुलांना जात ठाऊकच नाही,” असे उत्तर येते. त्या उत्तरामागची वेदना मी जाणतो. जे मागे टाकण्यासाठी आपण समुद्र ओलांडला, ते लेकरांच्या वाट्याला का यावे? परंतु जात समुद्र ओलांडून कधीच इकडे आली आहे. या चित्रपटातील अमेरिकन कुटुंब ज्या सिॲटलमध्ये राहते, त्याच शहराच्या नगरपरिषदेने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी जातिभेदाला कायद्याने बंदी केली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. मुलांना जात आपण सांगितली नाही, तर महाविद्यालयात कोणीतरी आडनाव विचारून सांगेलच. त्या दिवशी त्यांना उपाली ठाऊक असलेला बरा.

म्हणून पुढील वैशाख पौर्णिमेच्या बालनाट्याचा विषय ‘उपालीची दीक्षा’ ठेविला आहे. त्यातच सुनीताचा एक लहान प्रवेश आहे. न्हाव्याची धोकटी कशी असते हे मुलांनी पाहिलेले नाही, तेव्हा गावाहून येणाऱ्या कोणी एखादी जुनी धोकटी आणल्यास उपकार होतील. शाक्य कुमारांसाठी नावे भराभर आली आहेत. सुनीतासाठी अद्याप एकही नाही. इच्छुक पालकांनी चिटणीसांशी संपर्क साधावा.

— संपादक