यावर एक एक्सकेसीडी आहे

आमच्या टीमच्या चॅटवर कुणी काहीही म्हटलं, की पाच मिनिटांच्या आत तिथे काडीमाणसांचं एक चित्र येऊन पडतं. नवं स्टँडर्ड ठरवू या म्हटलं, की ९२७. पासवर्डाचा विषय निघाला, की ९३६. कुणा अनोळखी माणसाने हौसेखातर सांभाळलेल्या लायब्ररीवर आपलं अख्खं प्रॉडक्शन उभं आहे असं लक्षात आलं, की २३४७. आता तर चित्रही टाकत नाहीत. नुसता आकडा टाकतात आणि बाकीचे हसण्याच्या इमोजी देतात. कीर्तनकाराने अभंगाचा पहिला शब्द उच्चारावा आणि मंडपाने पुढची ओळ म्हणावी, तसं. फरक एवढाच, की कीर्तनकार नंतर निरूपणही करतो.

एक्सकेसीडीशी माझं भांडण नाही. ही कॉमिक्स मी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षापासून वाचते आहे. रँडल मन्रो फिजिक्स शिकला, नासाच्या लँगली केंद्रात रोबॉटिक्सचं काम केलं, वहीत काढलेली चित्रं स्कॅन करून वेबवर टाकू लागला आणि पुढे तेच करत राहिला. २०१३ साली त्याने 'टाइम' नावाचं एक कॉमिक टाकलं. दोन माणसं पाण्याच्या काठावर बसलेली, बस्स. मग ते चित्र बदललं. आधी अर्ध्या अर्ध्या तासाने, नंतर तासातासाने, असं चार महिने चाललं. ३०९९ चित्रं झाली. वाळूचा किल्ला उभा राहिला, पाणी चढू लागलं, ती दोघं प्रवासाला निघाली. पुढचं चित्र हवं तर थांबायचं, दुसरा इलाज नाही. त्याला २०१४चा ह्युगो पुरस्कार मिळाला. आमच्या चॅटवर 'टाइम' कधीच येत नाही. ते एका आकड्यात मावत नाही ना.

येतं ते ३०३. त्यात दोन प्रोग्रॅमर खुर्च्यांवर चढून तलवारबाजी करताहेत, साहेब ओरडतो, आणि उत्तर मिळतं की कोड कंपाइल होतोय. साहेबही गप्प. हे २००७चं चित्र. आमच्या धंद्याने ते देवघरात लावल्यासारखं लावून ठेवलंय: टीशर्टवर, मगवर, लॅपटॉपच्या पाठीवर. आम्ही हुशार आहोत, म्हणून आमचं टाइमपास करणंही हुशारीचंच, असा त्याचा अर्थ लावून टाकला. आमचा बिल्ड आज चाळीस सेकंदांत होतो. त्या चाळीस सेकंदांसाठी उघडलेली टॅब पाऊण तासाने बंद होते. आणि कुणीही तलवारबाजी करत नाही हो! चित्रातले ते दोघं निदान एकमेकांशी खेळत होते. आम्ही आठ जण आठ स्क्रीनांसमोर आठ वेगवेगळ्या गोष्टी वर सरकवत बसतो.

मन्रोला हे कळलेलं होतं. २०११च्या फेब्रुवारीतलं ८६२ काढून पाहा. चित्रावर माउस नेला की जो मजकूर उमटतो, त्यात त्याने आपला उपाय सांगितलाय. वर्षानुवर्षं निरनिराळे उपाय करून थकल्यावर त्याने आपला उतावळेपणा आणि आपला आळस यांची झुंज लावून दिली. कुठलंही नवं पान किंवा चॅट उघडायचं तर आधी तीस सेकंद वाट पाहायची, त्या वेळात दुसरं काही करायचं नाही, आणि एका वेळी एकच उघडायचं. एकही साइट ब्लॉक केली नव्हती, तरी उठसूट त्या साइट बघण्याची ओढ ओसरली आणि खऱ्या कामात मात्र काही अडलं नाही, असं तो सांगतो.

त्याच्या सगळ्या कामातला हा मला सर्वांत इंजिनियरी विचार वाटतो. माझा मामा दर रविवारी 'मोबाईल सोडा, माणसं जोडा' छापाचं काहीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. माझे सहकारी त्याला हसतात. पण दोघांचं निदान एकच: प्रश्न मनोनिग्रहाचा आहे. मामाच्या मते आमच्याकडे तो नाही, आमच्या मते आम्हाला त्याची गरज नाही. मन्रो म्हणतोय की चारित्र्य बाजूला ठेवा, लेटन्सी बघा. कळ दाबली आणि दाणा पडला यांच्यामधलं अंतर वाढवलं, की कबुतर कळ दाबायचं सोडतं.

आणि हे अंतर कमी करण्याचा पगार मी घेते. गेल्या वर्षी माझं सगळ्यांत वाखाणलेलं काम कुठलं, तर फीडच्या तळाशी वापरणारा पोचायच्या आत पुढचा मजकूर आणून ठेवायचा. तो फिरणारा गोल दिसताच कामा नये. तो गोल दिसला की काही लोक निघून जातात, हे आमच्या आलेखावर स्पष्ट दिसतं. त्या निघून जाणाऱ्यांना त्या क्षणी कसली तरी आठवण होत असणार, गॅसवरच्या दुधाची किंवा झोपेची. ती मी बुजवली. अमर्याद स्क्रोलची कल्पना २००६ साली काढणाऱ्या अझा रास्किनने पुढे जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला; मला तेव्हा टीमपुढे टाळ्या मिळाल्या.

तेव्हा 'गंमत आहे, एवढं काय मनाला लावून घेतेस' हे मला ऐकवू नका. गीक असणं ही एकेकाळी वर्गातल्या एकट्या पडलेल्या पोरांची सोय होती, तेव्हा ती गंमत होती. आता आम्ही त्या एकट्या पोराच्या बाजूचे नाही. आम्ही त्याच्या हातातल्या फोनच्या आतल्या बाजूला बसलोय. बाकीच्यांची करमणूक हे आमचं उत्पादन आहे आणि आमची करमणूक ही आमची सबब.

मन्रोचं आणखी एक जुनं यंत्र आहे, २००८चं. त्याच्या वाचकांच्या चॅटमध्ये गर्दी वाढली आणि तेच तेच विनोद सुरू झाले, तेव्हा त्याने एक बॉट बसवला. त्या चॅनलवर आधी कुणीही म्हटलेलं वाक्य पुन्हा म्हटलं, की म्हणणाऱ्याचं तोंड बंद. पुन्हा चुकला की आणखी जास्त वेळ. आमच्या चॅटवर तो बसवावा असं मी सुचवलं होतं. त्यावर कुणीतरी ९२७ टाकलं. त्याचा इथे काही संबंधही नव्हता.

गेल्या महिन्यात मी माझ्या ब्राउझरला तीस सेकंदांचा अडसर घातला. वीसेक ओळींचं एक्स्टेंशन, चहा व्हायच्या आत लिहून झालं. पहिल्या दिवशी अकरा वाजेपर्यंतच मी इतक्या वेळा त्या कोऱ्या पानासमोर येऊन बसले, की मोजायचं सोडून दिलं. कित्येकदा तर आपण काय उघडायला आलो होतो हेच विसाव्या सेकंदाला आठवेना. शेजारच्या डेस्कवरच्या मुलाने डोकावून विचारलं, ''नेट गेलंय का गं?'' मी काय केलंय ते सांगितलं. त्याला आवडलं. ''भारीये. यावर एखादं एक्सकेसीडी असेलच ना?''

आहे म्हटलं. नंबर मात्र सांगितला नाही.