माजघरातून : चोरीस म्हणावे की न म्हणावे?



गेल्या महिन्यात आमच्या घरी एका शब्दावरून तीन दिवस वाद चालला. बोटभर लांबीच्या, तांबड्या रंगाच्या आणि मांसाचा कणही नसलेल्या एका पदार्थाला काय म्हणावे, एवढाच काय तो विषय. ऐकणाऱ्याला हसू येईल. पहिल्या दिवशी मलाही आले. तिसऱ्या दिवशी मात्र येईना, कारण वाद करणाऱ्या तिघांपैकी प्रत्येकाचे काहीतरी त्या शब्दात अडकलेले आहे हे तोवर माझ्या ध्यानात आले होते.

बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबादकडील वाचकांसाठी चोरीस म्हणजे काय ते आधी सांगितले पाहिजे. डुकराच्या मांसाचे तुकडे मीठ, सुक्या मिरच्या, लसूण, आले, हळद, गरम मसाला आणि माडाच्या सुरेचे व्हिनेगर यांत मुरवायचे, आतड्याच्या नळीत भरायचे, दोऱ्याने गाठी मारून त्यांच्या माळा करायच्या आणि त्या उन्हात किंवा चुलीवरच्या धुरात सुकवायच्या. पोर्तुगीजांबरोबर आलेल्या सॉसेजचे हे गोमंतकीय रूप. पावसाळ्यात मासळीचा तुटवडा पडतो, म्हणून मे महिन्यात पुरुमेताच्या बाजारात सुके मासे, आमसुले आणि मिरच्या यांच्याबरोबर ख्रिस्ती घरांत चोरिसाच्या माळांचीही बेगमी होते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात या माळा जपमाळांसारख्या टांगलेल्या दिसतात.

आमच्या घरात हा पदार्थ कधी शिजला नाही. परंतु कुंपणापलीकडे शेजारीणबाई राहतात, आणि माझा धाकटा नातू निम्मा त्यांच्याच घरी वाढला. नाताळात आणि गावच्या फेस्ताला त्यांच्या हातचे चोरीस-पाव खाणे हा त्याचा लहानपणापासूनचा नेम. आमच्या घरी हे सर्वांना ठाऊक होते आणि ठाऊक असल्याचे कोणी दाखवीत नव्हते. पुढे तो शिकावयास बंगळूरला गेला आणि दोन वर्षांपूर्वी त्याने मांस-मासे सोडले. कारण विचारले तेव्हा, ‘आजी, त्या जनावरांचे हाल पाहवत नाहीत,’ एवढेच म्हणाला. त्या नाताळात तो शेजारीणबाईंकडे गेला, दोन नेवऱ्या खाऊन उठला. त्या त्याला काही बोलल्या नाहीत. मला मात्र नंतर म्हणाल्या, ‘पोर शिकले, आता आमचे ताट त्याला नको झाले.’ मी ते त्याला सांगावयास नको होते. सांगितले, आणि ते त्याला लागले.

यंदाच्या सुटीत तो पणजीहून तीन पाकिटे घेऊन आला. तिन्ही बिनमांसाच्या सॉसेजची. म्हणाला, ‘यांतले एक तरी चांगले निघाले, तर फेस्ताला शेजारच्या आजीकडे पूर्वीसारखा जेवायला बसेन.’

आता निवड कशी केली ते सांगते, कारण अशी पाकिटे आज पुष्कळ गावांत मिळू लागली आहेत आणि नुसत्या चित्रावरून घेतली तर फसगत होते. पाकिटाच्या पाठीवर घटक पदार्थांची यादी असते. वजनाने जो जिन्नस सर्वांत अधिक तो यादीत प्रथम, असा आपल्याकडील नियम आहे. या यादीवरून या पदार्थाचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला सोयाबीनचा. तेल काढून उरलेल्या सोयाच्या पिठावर उष्णतेची आणि दाबाची क्रिया करून त्याला तंतू आणतात. आपली सोयावडी याच कुळातली. वाळल्या सोयावडीत निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात, म्हणून मांसाच्या जागी पोषण हवे असेल त्याने हाच प्रकार पाहावा. इंदूरकर वाचकांना सोयाबीनचे नवल वाटणार नाही. माळव्यातील शेते या पिकाने भरलेली त्यांनी पाहिली आहेत आणि सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्थाही त्यांच्याच गावात आहे. दुसरा प्रकार गव्हाच्या चिकाचा. कणीक पाण्याखाली धूत राहिले की सत्त्व वाहून जाते आणि रबरासारखा गोळा हाती राहतो, तो हा चीक. चावण्यास मांसाच्या सर्वांत जवळचा. पण ज्यांना गहू सोसत नाही त्यांना वर्ज्य. तिसरा प्रकार फणस, अळंबी, बटाटा, वाटाणा अशा भाज्यांचा. चवीला सौम्य, पोटाला हलका. मात्र त्यात प्रथिने बेताचीच.

यादीत आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. एक मिठाचे प्रमाण. मांस नाही म्हणून पदार्थ पथ्याचा, असे समजू नये; रक्तदाबाच्या रुग्णांनी पाकिटावरील सोडियमचा आकडा वाचल्यावाचून घेऊ नये. दुसरी खूण चौकटीतील ठिपक्याची. हिरवा गोल म्हणजे शाकाहारी. मांसाहाराच्या तपकिरी गोलाच्या जागी अलीकडे तपकिरी त्रिकोण आला आहे. आपल्या नियमाप्रमाणे हिरव्या खुणेच्या पदार्थात अंडे चालत नाही, दूध चालते. दूधही नको असेल त्याने वेगळी खूण शोधावी.

पहिल्या दिवशी मी शेजारीणबाईंनाच बोलावले. चोरीस शिजवावे ते त्यांनीच. त्यांनी सवयीप्रमाणे सोयाचे तुकडे थोड्या पाण्यात कांद्याबरोबर टाकले आणि वाट पाहत बसल्या. खऱ्या चोरिसाला तेल लागत नाही. ते शिजताना त्याची चरबी सुटते आणि कांदा त्यात परततो. इथे पाणी आटले, कांदा तळाला लागला, तरी चरबी सुटेना. ‘याला स्वतःचे असे काही नाहीच,’ त्या म्हणाल्या. मग दुसऱ्या वेळी आधी खोबरेल तेल, त्यात ठेचलेली लसूण, मिरचीचे वाटण, चमचाभर व्हिनेगर, आणि शेवटी मंद आचेवर तुकडे, असे केले तेव्हा जमले. आणखी एक अनुभव लिहून ठेवते. यांतील काही पदार्थांत गरम असताना घट्ट होणारे आणि निवताच सैल पडणारे बांधण घातलेले असते, म्हणून ताटात वाढताक्षणी खावेत. फणसाचे पाकीट चवीला बरे होते, पण मसाल्यात विरघळून गेले. गव्हाचे चिवट निघाले. सोयाचे पसंतीस उतरले.

खाणे झाले आणि वाद पेटला. नातू म्हणाला, ‘चोरीस जमले!’ शेजारीणबाई हात धुता धुता थबकल्या. ‘हें चोरीस न्हय, बाय,’ त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. त्यांच्या आईने बाजारात चोरीस विकून पाच मुले वाढविली. कोणत्या दिवशी मीठ लावायचे, कोणत्या दिवशी ऊन द्यायचे, पाऊस चुकून आधी आला तर माळा कोठे टांगायच्या, हे सर्व त्या शब्दात आहे. ‘कारखान्यातून आलेल्या या पिठाला तेच नाव दिले, तर आईने केले ते काय होते?’ या प्रश्नावर आम्ही कोणी काही बोललो नाही.

विरोधाची दुसरी बाजू माजघरातून आली. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या यजमानांच्या आत्या, नव्वदीच्या घरात आहेत. तरुणपणी वैधव्य आले तेव्हापासून त्यांनी मासळी सोडली. चाळीस वर्षांपूर्वी एका प्रवासात, एका उपाहारगृहात भाजीचे कटलेट म्हणून पुढे आलेला पदार्थ त्यांनी निम्मा खाल्ला आणि मग तो खिम्याचा असल्याचे कळले. वाढप्याने बशी बदलली होती. तेव्हापासून त्यांनी बाहेरचे काही तोंडात घातलेले नाही. ‘सोडले ते सोडले. सोडल्याचे नाव कशाला धरून ठेवायचे?’ त्यांनी नातवाला विचारले. ‘आणि उद्या दोन्ही चोरीस एका फडताळात आली, तर माझ्यासारखीने कोणते ते कसे ओळखावे?’

नातवाचे म्हणणे सरळ होते. ‘आजी, नावावरून मला समजते की हे कसे शिजवायचे, कशाशी खायचे. याला सोयाची नळी म्हटले तर कोण पावात घालील?’

हा वाद आमच्याच ओसरीवर आहे असे समजू नका. पहिल्या महायुद्धात जर्मनीत अन्नाची टंचाई पडली, तेव्हा कोलोन शहराचे महापौर कोनराड आडेनाउअर यांनी सॉसेजमध्ये मांसाच्या जागी सोयाचे पीठ वापरण्याची युक्ती काढली. हेच गृहस्थ पुढे १९४९ साली पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सलर झाले. सॉसेजमध्ये मांस हवेच, हा तेथील नियम आडवा आल्याने मायदेशात त्यांना पेटंट मिळेना. ते मिळाले १९१८ मध्ये इंग्लंडात, म्हणजे ज्या देशाशी युद्ध चालू होते त्या देशात! शंभर वर्षे लोटली तरी युरोपात हा प्रश्न सुटला नाही. २०१७ साली तेथील न्यायालयाने निर्णय दिला की केवळ वनस्पतिजन्य पदार्थाला दूध, लोणी, चीज ही नावे लावता येणार नाहीत. रूढीने चालत आलेल्या नारळाच्या दुधासारख्या थोड्या नावांना तेवढी सूट. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने, कायद्याने एखाद्या नावाची व्याख्या ठरलेली नसेल तर सदस्य देशाने वनस्पतिजन्य पदार्थांना ते नाव सरसकट बंद करू नये, असे फ्रान्सच्या बाबतीत सांगितले. लगेच पुढच्या वर्षी, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी, युरोपीय संसदेने सॉसेज, बर्गर ही नावे मांसासाठीच राखावीत असा कौल ३५५ विरुद्ध २४७ मतांनी दिला. तो काही अंतिम कायदा नव्हता, पण मोठमोठ्या सभागृहांतही आत्याबाई आणि शेजारीणबाई बसलेल्या आहेत, हे त्यावरून दिसते.

गंमत अशी की सॉसेज हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ आहे ‘खारवलेले’. त्यात मीठ आहे, मांस नाही. पण मुळावरून शब्दाचा निवाडा होत नसतो. लोक आज काय समजतात त्यावर तो होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी नारळ खोवता खोवता मला आपल्याच स्वयंपाकघराची आठवण झाली. जुन्नर-आंबेगावकडे मासवडी करतात. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचे, तीळ-खोबऱ्याचे सारण भरून वळायचे, माशासारखा आकार देऊन कापायचे. त्यात मासा नाही, तरी माळकऱ्याच्या घरीही ती मासवडीच. खेकडा भजीत खेकडा शोधणारा मी पाहिला नाही. आमच्याकडे श्रावणात नीरफणसाची, सुरणाची, वांग्याची कापे मसाला-रवा लावून मासळीसारखीच तव्यावर तळतो; पावसात रानातली अळमी आली की त्यांची शागोती होते. आणि नारळाच्या दुधाला दूध म्हणण्यास आपण कोणत्या न्यायालयाची अनुज्ञा घेतली होती?

मग या नावांनी आजवर कोणाची फसवणूक का झाली नाही? मला वाटते, त्याची दोन कारणे आहेत. एक तर ती नावे पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची. आणि जेथे तेवढी ओळख नाही, तेथे आपली भाषा वस्तू आधी सांगते आणि रूप मागून. नारळाचे दूध, वांग्याची कापे, अळम्यांची शागोती. हा ‘चा-ची-चे’ मोठा प्रामाणिक आहे. पदार्थ कशाचा, हे तो पहिल्याच शब्दात सांगून मोकळा होतो. मग पुढचा शब्द कोणाचा हक्क हिरावीत नाही. नव्या पदार्थाला ओळखीचा जुना आधार नाही, म्हणून त्याने तरी ‘सोयाचे’ हा शब्द गाळू नये, आणि पाकिटावर तो बारीक अक्षरात कोपऱ्यात लपवू नये. नुसते ‘चोरीस’ म्हणणे हा शेजारीणबाईंच्या आईवर अन्याय आणि आत्याबाईंच्या विश्वासाला धोका. ‘सोयाचे चोरीस’ म्हटले तर कोणाचे काय जाते?

मी हे तिघांना सांगितले. नातवाने मान डोलावली. आत्याबाई म्हणाल्या, ‘मला कशालाही चोरीस म्हणवणार नाही. पण डबा वेगळा ठेवा आणि वर लिहून ठेवा.’ तो त्यांचा अधिकार आहे. डबा वेगळा ठेवला, वर मोठ्या अक्षरात लिहिले. शेजारीणबाई काहीच बोलल्या नाहीत.

गेल्या रविवारी गावचे फेस्त झाले. नातू दुपारी त्यांच्याकडे गेला. परतल्यावर सांगत होता की चुलीवर दोन भांडी होती आणि दोन्हींत वेगवेगळे डाव. पाहुण्यांपैकी कोणी त्याच्या भांड्याकडे हात नेला, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘ते सोयाचे आहे, आमच्या पोराचे.’ चोरीस हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. नातवाने चार पाव खाल्ले.