पंपाची हौस, फॉलोअरला फाशी

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका शोधत बसाल तर लेख वाचून व्हायचा नाही! पण "मेकॅनिकलवाल्यांनी पण मराठीत काहीतरी लिहा की" म्हणून संपादक मंडळाने पिच्छाच पुरवला. पहिल्या पावसावर कविता करणं मला जमत नाही. म्हणून ज्या विषयावर आपल्या हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाद चालतात, तोच घेतला : गाडी 'अपग्रेड' करणे.

माझं म्हणणं एवढंच आहे की कुठल्याही अपग्रेडची किंमत दुकानातल्या बिलावर पूर्ण छापलेली नसते. उरलेली किंमत इंजिनातला दुसराच कुठलातरी पार्ट भरतो, आणि बऱ्याचदा दुसराच कुठलातरी माणूस भरतो. हे हवेतलं बोलणं वाटू नये म्हणून एक खरं उदाहरण देते.

२००४ साली युरोपात पाचव्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय आली. तिच्यात १९८४ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन होतं, ताकद २०० पीएस. हेच इंजिन त्या काळातल्या ऑडीच्या काही गाड्यांतही होतं. कंपनीच्या भाषेत त्याचं कुळ 'ईए११३'. यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. त्यासाठी टाकीतल्या इलेक्ट्रिक पंपाचं प्रेशर पुरत नाही, म्हणून सिलिंडर हेडवर एक वेगळा हाय-प्रेशर पंप बसवलेला असतो. तो पेट्रोलला सुमारे ११० बारपर्यंत दाबतो. आपल्या कारच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन बार हवा असते, यावरून अंदाज करा.

हा पंप चालतो कॅमशाफ्टवर. इनटेक कॅमशाफ्टच्या टोकाला तीन उंचवट्यांचा एक कॅम आहे. तो पंपाचा प्लंजर ढकलतो. मात्र कॅम आणि प्लंजर यांची थेट गाठ पडत नाही. मध्ये एक छोटीशी स्टीलची टोपी असते, उपडी ठेवलेली वाटीच म्हणा ना. तिचं नाव कॅम फॉलोअर. वाटीच्या पाठीवर कॅम घासतो, आतल्या बाजूला प्लंजर टेकलेला असतो. पाठीवर एक कडक काळं कोटिंग असतं. बेअरिंग नाही, रोलर नाही. नुसतं घासणं आणि मध्ये तेलाचा पातळ थर.

आता हिशोब करू. क्रँकशाफ्ट ६००० आरपीएमवर फिरत असेल तर कॅमशाफ्ट ३००० वर फिरते. प्रत्येक फेरीत तीन उंचवटे, म्हणजे मिनिटाला ९००० दणके, सेकंदाला १५०! हायवेवर निवांत ३००० आरपीएमवर एक तास गाडी चालवली तरी त्या वाटीने २,७०,००० दणके सोसलेले असतात. आपण परीक्षेच्या आदल्या रात्री एवढं सोसत नाही.

मग अपग्रेडवाले येतात. ईसीयू रीमॅप करून टर्बोचा बूस्ट वाढवला की हवा जास्त, हवा जास्त की पेट्रोल जास्त लागणार. पण मूळचा पंप एका मर्यादेनंतर दमतो. रेलमधलं प्रेशर पडतं, मिश्रण लीन होतं, इंजिन नॉक होण्याची भीती. उपाय काय? मोठ्या व्यासाचा प्लंजर आणि सोबत जास्त ताठ स्प्रिंग, कारण वरच्या आरपीएमला प्लंजरने कॅमची साथ सोडता कामा नये. गाडी पळते, मित्र शिट्ट्या मारतात, सगळे खूश.

सगळे? त्या वाटीला कोणी विचारलं का?

समजण्यासाठी गोल आकडे घेते. प्लंजरचा व्यास ८ मिमीचा १० मिमी केला तर क्षेत्रफळ ५०.३ वरून ७८.५ चौरस मिमी होतं. ११० बारला आधी ५५३ न्यूटन बल लागत होतं, आता ८६४ लागतं. प्रेशर तेवढंच ठेवूनसुद्धा ५६ टक्के वाढ! आणि प्रेशरही वाढवलं तर विचारूच नका. बरं, प्रेशरचं बल फक्त दाबण्याच्या स्ट्रोकमध्ये येतं. ताठ स्प्रिंगचं बल मात्र कायम असतं, सिग्नलला आयडलवर उभे असताना पण. आणि आयडललाच कॅमचा वेग कमी असल्यामुळे तेलाचा थर सगळ्यात पातळ असतो. स्ट्रिबेक कर्व्ह ज्यांनी फक्त पाच मार्कांसाठी पाठ केला, त्यांनी तो इथे पाहून घ्यावा.

१९५३ साली आर्चर्डने झिजेचा नियम मांडला. झीज ही भार आणि घासण्याचं अंतर यांच्या प्रमाणात वाढते, आणि पृष्ठभाग जितका कठीण तितकी कमी होते. पण त्यात एक 'के' नावाचा गुणांक आहे, खरी गोम तिथे आहे. काळं कोटिंग शाबूत आहे तोवर 'के' लहान. एकदा का ते गेलं की 'के' उडी मारतो. म्हणजे भार ५६ टक्के वाढला म्हणून आयुष्य त्याच हिशोबाने कमी होईल, हे गणित कोटिंग असेपर्यंतच चालतं. आधी वाटीच्या मधोमध चकचकीत गोल दिसतो, मग खळगा, मग चक्क आरपार भोक. भोक पडलं की प्लंजर थेट कॅमवर. पंप गेला, कॅमशाफ्ट गेली, लोखंडाचा चुरा तेलात मिसळून इंजिनभर फिरला. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, तसं. वाटी स्वस्त, तिच्यामागचा खर्च महाग. आणि गुन्हा कोणाचा? चोर सोडून संन्याशाला फाशी!

आता कोणी म्हणेल, "अगं, पण मूळ पंप असलेल्या गाड्यांचे फॉलोअरही झिजलेच होते की!" अगदी बरोबर. मूळ रचनेतच सरकतं घर्षण होतं, त्यामुळे कंपनीच्या पंपावरही हा प्रकार घडला. तेल बदलायला उशीर झाला, चुकीच्या ग्रेडचं तेल घातलं, तेलात पेट्रोल मिसळून ते पातळ झालं, ही कारणंही आहेतच. उलट मोठा पंप लावून वेळच्या वेळी फॉलोअर बदलणाऱ्यांची इंजिनं व्यवस्थित चालली. म्हणूनच मी "अपग्रेड करू नका" असं म्हणत नाहीये. नाहीतर इंजिनिअरिंगला आलो कशाला? मला म्हणायचंय की जी जागा आधीच काठावर होती, तिच्यावर आपण भार वाढवला. तेव्हा तिच्यावर नजर ठेवणं ही अपग्रेडचाच भाग झाली.

आणि ही नजर ठेवणं काही अवघड नव्हतं. इंजिन थंड करायचं, पेट्रोलचं प्रेशर नीट उतरवायचं, पंपाचे तीन बोल्ट काढायचे आणि वाटी उचलून बघायची. जाणकार मंडळी दर १०,००० मैलांना, म्हणजे साधारण १६,००० किलोमीटरला तपासा असं सांगत. पण पंप बसवताना फोटो काढणारे दहा जण असतात, वाटी बघायला कोणी फिरकत नाही.

खुद्द कंपनीने नंतर काय केलं तेही बघण्यासारखं आहे. पुढच्या 'ईए८८८' कुळातल्या इंजिनांत पंपाखाली रोलर असलेला टॅपेट आला. घासण्याच्या जागी फिरणं आलं. संपर्काची जातच बदलून टाकली. याला मी अपग्रेड म्हणेन.

तुम्ही म्हणाल, जर्मनीच्या गाडीचं आम्हाला काय? तर आता घरचं ऐका. आपल्या ऑटो क्लबच्या गाडीचं इंजिन यंदा उघडलं तेव्हा रॉकर आर्मच्या तोंडावर खळगे पडलेले दिसले. आधीच्या कुठल्यातरी बॅचने जास्त ताठ व्हॉल्व्ह स्प्रिंग घातल्या होत्या. त्याचं कारण चांगलंच असणार, माझी तक्रार नाही. पण कधी घातल्या, किती ताठ, नंतर काय तपासायचं, याची एका ओळीची नोंद नाही. ते सगळे पास होऊन नोकरीला लागले. स्पर्धा तोंडावर असताना रॉकर शोधत बाजार पालथा घातला तो आमच्या बॅचने. हॉस्टेलच्या पंपहाउसमध्ये मोठी मोटर लावली की वरच्या मजल्यावर पाणी जोरात येतं, पण फुटतो तो तळमजल्यावरचा जुना पाइप. आणि तळमजल्यावर राहतात फर्स्ट इयरची पोरं!

म्हणून दोन मागण्या करते. पहिली आपल्या मित्रमंडळींना : क्लबच्या गाडीला एक साधी शंभर पानी वही ठेवू या. काय बदललं, त्यामुळे भार कुठे वाढला, तो पार्ट पुन्हा कधी उघडून बघायचा, एवढे तीन रकाने बास. दुसरी विनंती सरांना आणि मॅडमना : प्रोजेक्टच्या व्हायव्हात "पॉवर किती वाढली?" हे तुम्ही हमखास विचारता. त्यासोबत "आणि आता काय जास्त झिजेल?" हेही विचारा, आणि त्याला मार्क ठेवा. मार्क असले की आम्ही काहीही शिकतो, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे!

१९६६ च्या जोस्ट अहवालापासून घर्षण, झीज आणि वंगण यांच्या शास्त्राला 'ट्रायबॉलॉजी' हे नाव मिळालं. आपल्याकडे बरेच जण तो विषय 'स्कोअरिंग नाही' म्हणून सोडून देतात. सोडा बापडे. पण पुढच्या वेळी कोणी छाती फुगवून "पंप मोठा टाकलाय" असं सांगितलं, तर टाळी द्यायच्या आधी एकच प्रश्न विचारा : "फॉलोअर कधी बघितलास?"