हॉलंड सगळ्यांच्या वाट्याला येत नाही

अमेरिकेत डाउन सिंड्रोम असलेलं बाळ जन्माला आलं, की अनेकदा कोणीतरी आईवडिलांच्या हाती 'वेलकम टू हॉलंड' हा लेख ठेवतं. 'सेसमी स्ट्रीट'च्या लेखिका एमिली पर्ल किंग्जली यांनी तो १९८७ मध्ये लिहिला. निघालात इटलीला, विमान उतरलं हॉलंडमध्ये. इटलीसाठी हळहळत बसलात तर हॉलंडमधलं चांगलं काही दिसणारच नाही, असा त्याचा आशय.

कित्येकांना त्याने धीर दिला, कित्येकांच्या तो डोक्यात गेला. ऑटिझम असलेल्या मुलाच्या एका आईने उत्तरादाखल 'वेलकम टू बैरुत' लिहिलं: हॉलंड कसलं, आम्हाला तर युद्धात आणून टाकलंय! १९९३ मध्ये जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक कार्यकर्त्याने टोरांटोच्या परिषदेत पालकांनाच सुनावलं, की तुमचा शोक मनातल्या मुलासाठी आहे, समोरच्या मुलाला त्याचं ओझं कशाला?

किंग्जलींचा लेख गोडगोड आहे, हा आक्षेप मला पटत नाही. त्यांचा मुलगा जेसन १९७४ चा. त्याला संस्थेत ठेवून विसरून जा, असं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांनी त्याला घरी वाढवलं आणि पुढे त्याने मित्राबरोबर 'काउंट अस इन' हे पुस्तक लिहिलं. सगळं संपलं असं ज्यांना सांगितलं गेलं, त्यांच्यासाठी तो लेख आहे. पण ज्यांचा मुलगा विशीत आलाय, अमेरिकेतल्या शाळेच्या सेवा एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी बंद होणार आणि पुढे काय ते ठाऊक नाही, त्यांना तोच लेख जखमेवर मीठ वाटला तर नवल काय?

आपल्या मराठी मंडळाच्या अंकात मात्र अशा मुलांबद्दल छापून येते ती फक्त जिद्दीची कहाणी. गणेशोत्सवात ढोल सुरू झाले की कानांवर हात दाबून किंचाळणाऱ्या मुलाला घेऊन एखादी आई पार्किंगमध्ये जाते आणि आरती, प्रसाद, नाटक सगळं गाडीतच काढते. तिने हे लिहिलं तर निम्मे म्हणतील, "चारचौघांत कशाला सांगायचं?" उरलेल्यांतले काही "देव खास मुलं खास आईबापांनाच देतो" म्हणून मोकळे होतील. दोन्हींत तिचं तोंड बंदच होतं. तिचा असा लेख आला असता, तर निदान हॉलच्या एका खोलीत ढोलांपासून दूर बसायची सोय करावी, हे कार्यकारिणीला सुचलं असतं.

अशा लिखाणावरचा मुलाच्या खाजगीपणाचा आक्षेप तेवढा खरा आहे. त्याचे शौचाचे प्रश्न, त्याचे आक्रस्ताळे क्षण हे त्याचे आहेत. सांगता येत असेल त्याला विचारावं. येत नसेल तर आईवडिलांनी स्वतःबद्दल लिहावं.

म्हणून संपादकांना विनंती: दिवाळी अंकात धीराच्या लेखाशेजारी चिडलेला लेखही छापा आणि तिसरी जागा मोठ्या झालेल्या अशा मुलांच्या स्वतःच्या लिखाणासाठी राखा.